हिमोग्लोबिन, भूप आणि पाच टनांचा कॉम्प्युटर

मागच्या शनिवारी बाहेर पडायचा प्रचंड कंटाळा आला होता. घरी बसून करायचं काय, म्हणून हिमोग्लोबिनला गायला लावलं.

आता हे वाक्य वाटतं तितकं भारी नाही. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची एक माळ. कुठल्या मण्यानंतर कुठला मणी, ही यादी युनिप्रॉटसारख्या ठिकाणी कुणालाही फुकट मिळते. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीत असे १४६ मणी आहेत. २० आम्लांचे मी पाच गट पाडले : पाणी टाळणारी, पाण्यात रमणारी, धन भाराची, ऋण भाराची आणि उरलेली. या पाच गटांना अनुक्रमे सा, रे, ग, प, ध असे स्वर दिले, म्हणजे भूप. चाळीसेक ओळींचा पायथन कोड, बाहेर मिडी फाईल. सेकंदाला दोन सूर धरले तर सव्वा मिनिटाच्या आत आख्खी साखळी गाऊन होते. सुरुवात अशी : सा ग सा रे ध प प ग...

ऐकल्यावर मी चाट! च्यायला, हे तर चक्क गोड लागतंय! रक्तात भूप वाहतो वगैरे वाक्यं डोक्यात तयार व्हायला लागली. आईने लहानपणापासून शास्त्रीय शिकलंय, म्हणून तिला बोलावून ऐकवलं. तिने अर्धा मिनिट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, यात भूप कुठंय? भूपाचे सूर आहेत फक्त. असे तर देसकारातही असतात."

मुद्दा बरोबर होता. भूप आणि देसकार दोघांचे स्वर तेच पाच. पण भूपाचा वादी गंधार आणि देसकाराचा धैवत; कुठे थांबायचं, कुठून कुठे जायचं ते वेगळं, त्यामुळे राग वेगळा. माझ्या हिमोग्लोबिनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग मी प्रोग्रामरने करायला हवं ते केलं. तेच १४६ मणी रँडम क्रमाने पिसून दुसरी फाईल बनवली आणि काही न सांगता आईला ऐकवली. ती म्हणाली, "हे पहिल्यापेक्षा बरं आहे." :)

म्हणजे मला जे गोड लागत होतं ते हिमोग्लोबिनचं नव्हतंच, माझ्या मॅपिंगचं होतं. पाच सुरांत कुठलाही कचरा ओता, गोडच लागणार. मग प्रश्न पडला, की रेणूंपासून संगीत करणारी जी मंडळी आजवर झाली, त्यांचं काय? त्यांनी रेणूतलं काही ऐकलं, की सगळे माझ्यासारखे स्वतःचंच मॅपिंग ऐकून खूश झाले? रविवार सगळा त्यात गेला. हाती लागलं ते भलतंच मजेशीर निघालं.

कारण ही गोष्ट डीएनएपासून सुरूच होत नाही. सुरू होते इलिनॉय विद्यापीठातल्या रसायनशास्त्र विभागात, १९५०च्या दशकात.

लेजॅरेन हिलर (१९२४-१९९४) हा तिथला केमिस्ट. प्रिन्स्टनचा पीएचडी. आधी ड्यूपाँ कंपनीत नोकरी करून ऑर्लॉन नावाचा कृत्रिम धागा रंगवायचा कसा, या प्रश्नावर काम केलेला. पण प्रिन्स्टनलाच त्याने रॉजर सेशन्स आणि मिल्टन बॅबिट या संगीतकारांकडे रचनेचे धडेही घेतले होते. दिवसा रसायन, संध्याकाळी सुरावटी. अशी माणसं आपल्याही ऑफिसात असतात, फक्त त्यांचा दिवस सहसा जिंकतो.

इलिनॉयमध्ये १९५२ साली इलियाक नावाचा कॉम्प्युटर सुरू झाला होता. पाच टन वजन, २,८०० व्हॅक्यूम ट्यूब आणि मेमरी किती? ४० बिटांचे १,०२४ शब्द. म्हणजे ५ केबी. माझी हिमोग्लोबिनची मिडी फाईल त्यात जेमतेम मावली असती. ती वाजवणारा प्रोग्राम मावायचा प्रश्नच नाही.

या यंत्रावर हिलर पॉलिमरच्या रेणूचा आकार शोधत होता. रबर किंवा प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची लांबलचक साखळी. ती द्रावणात कशीही वेटोळी होऊन पडलेली असते. मग तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर सरासरी किती? हे कागदावर सुटत नाही. म्हणून कॉम्प्युटरला सांगायचं : एक पाऊल टाक, कुठल्याही दिशेने, रँडम. मग दुसरं. पण एक अट आहे. आधी जिथे पाऊल पडलंय तिथे पुन्हा पाय द्यायचा नाही, कारण दोन अणू एकाच जागी बसू शकत नाहीत. पाऊल नियमात बसलं तर ठेव, नाहीतर रद्द करून दुसरं बघ. चारी बाजूंनी अडकलास तर सगळं पुसून पहिल्यापासून. अशा हजारो साखळ्या बनव आणि सरासरी काढ. फ्रेडरिक वॉल, हिलर आणि डी. जे. व्हीलर या तिघांचा यावरचा शोधनिबंध १९५४ साली आला.

(यातला व्हीलर म्हणजे केंब्रिजचा डेव्हिड व्हीलर. आपण रोज जी फंक्शन्स लिहितो त्या सबरुटीन कल्पनेच्या जनकांपैकी एक. याच माणसाच्या नावाचं बरोज-व्हीलर ट्रान्सफॉर्म १९९४ साली आलं. ते बीझिप२ मध्ये आहे आणि २००९पासून डीएनएचे तुकडे जुळवणाऱ्या प्रोग्राम्समध्येही. काही माणसं सगळीकडे असतात.)

तर हिलरच्या डोक्यात काय आलं बघा. साखळीचं पुढचं पाऊल रँडम निवडायचं, नियमांशी ताडून बघायचं, पटलं तर ठेवायचं, नाहीतर टाकायचं. मग हेच पाऊल अवकाशात टाकायच्या ऐवजी सप्तकात टाकलं तर? आणि दोन अणू एका जागी नकोत या नियमाऐवजी काउंटरपॉइंटचे नियम लावले तर? काउंटरपॉइंट म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन-तीन-चार सुरावटी एकमेकींशी कशा वागाव्यात याची युरोपियन शिस्त. योहान फुक्स या ऑस्ट्रियन गुरुजींनी १७२५ साली तिचं पाठ्यपुस्तक लिहून ठेवलेलं. सुरावट ज्या सुरावर सुरू झाली तिथेच संपवायची, अमुक उडी घ्यायची नाही, दोन सुरावटींनी पंचमाचं अंतर ठेवून बरोबरीने चालायचं नाही. थोडक्यात, कोडमध्ये लिहिता येईल असं सगळं.

लेनर्ड आयझॅकसन या दुसऱ्या केमिस्टला सोबत घेऊन हिलरने ते खरंच लिहिलं. सुरुवातीला दोन सप्तकांतले फक्त शुद्ध स्वर, ० ते १४ आकड्यांत. यंत्र आकडा काढणार, नियम तपासणार, ठेवणार किंवा फेकणार. रस्ता बंद झाला तर पुसून परत. छापून आलेले आकडे माणसाने हाताने नोटेशनमध्ये उतरवायचे आणि चार वादकांनी वाजवायचे. ९ ऑगस्ट १९५६ रोजी अर्बानामध्ये यातल्या पहिल्या तीन भागांचा जाहीर कार्यक्रम झाला. चौथा भाग, ज्यात मार्कोव्ह साखळ्या वापरल्या आहेत, तो नंतर आला. 'इलियाक स्वीट' हे तिचं नाव. कॉम्प्युटरने रचलेली पहिली महत्त्वाची रचना म्हणून हिचंच नाव घेतलं जातं.

मी ती ऐकली. पहिला भाग भाबडा आहे, शाळेतल्या मुलाने व्याकरण सांभाळून लिहिलेल्या निबंधासारखा. तिसऱ्यात मात्र काहीतरी घडतं. पुष्कळ संगीतकारांना हा प्रकार मुळीच आवडला नाही. हिलर मात्र १९५८ साली रसायन सोडून संगीत विभागात गेला आणि तिथे प्रायोगिक संगीताचा स्टुडिओ काढला.

आता यात रेणूचं गाणं कुठे आहे? नाहीच. हिलरने रेणू वाजवला नाही. त्याने रेणूचा प्रोग्राम संगीताला दिला. पण माझ्या आईचं म्हणणं त्याला बरोबर कळलं होतं : सुरांची यादी दिली म्हणून राग होत नाही, चाल कुठे अडवायची याचे नियम लागतात. पुढच्या तीस वर्षांतले लोक रेणू वाजवायला निघाले तेव्हा हे बरेचदा विसरले, असं माझं मत.

योगायोग असा, की त्याच सुमारास प्रथिनांची अक्षरंही पहिल्यांदा वाचली जात होती. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगरने इन्शुलिनच्या ५१ मण्यांचा क्रम १९५५ साली पुरा लावला. आणि तिथेच व्हर्नन इनग्रॅमने १९५७ साली दाखवलं, की सिकल सेल आजारात बीटा साखळीच्या १४६ मण्यांपैकी फक्त एक बदललेला असतो. सहावा. ग्लुटामिक आम्लाच्या जागी वॅलिन, बाकी सगळं जसंच्या तसं. हा सहावा मणी लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

१९७९च्या 'गोडेल, एशर, बाख' या पुस्तकात डग्लस हॉफ्स्टाटरने पेशीतल्या रायबोसोमची तुलना टेपरेकॉर्डरशी केली : आरएनएची टेप आत जाते, प्रथिनाचं संगीत बाहेर येतं. तुलना आकर्षक होती आणि १९८०च्या दशकात डीएनएचे क्रम भराभर छापून यायला लागले होते. मग काय, गाडी सुटली. हायाशी आणि मुनाकाता या जपानी संशोधकांनी १९८४ साली 'नेचर'मध्ये सुचवलं, की लांबलचक क्रम डोळ्यांनी वाचण्यापेक्षा सुरांत ऐका. अमेरिकेत डेव्हिड डीमर या बायोकेमिस्टच्या लक्षात आलं, की डीएनएच्या ए, टी, सी, जी या चार अक्षरांपैकी तीन ही पाश्चात्त्य स्वरांचीच नावं आहेत. टी नावाचा स्वर नाही, तर त्याने तिथे ई घेतला. झालं संगीत.

हे वाचून मी मोठ्याने हसलो. पांढरी एकचा सा धरा. सी म्हणजे सा, ई म्हणजे ग, जी म्हणजे प आणि ए म्हणजे ध. डीमरसाहेबांनी नकळत रिषभ वगळून भूपच घेतला होता! गोड लागलं तर नवल काय?

डीमरच्या डोक्याविषयी मात्र शंका घेऊ नका. याच माणसाने १९८९ साली गाडी चालवताना सुचलेली एक कल्पना वहीत खरडून ठेवली : डीएनएचा धागा एका सूक्ष्म छिद्रातून ओढायचा आणि विद्युतप्रवाहातल्या चढउतारावरून अक्षरं ओळखायची. आज त्यावर चालणारी, तळहातावर मावणारी यंत्रं आहेत. पुढे सुझन अलेक्झांडर या संगीतकार बाईंबरोबर त्याने अक्षरांची पळवाटही सोडून दिली. डीएनएचे चार रेणू अवरक्त प्रकाशाच्या कुठल्या वारंवारिता शोषतात हे मोजलं आणि त्या निम्म्या-निम्म्या करत कानाच्या टप्प्यात आणल्या. दर वेळी निम्मं म्हणजे एक सप्तक खाली. अशी तीस-पस्तीस सप्तकं उतरावं लागतं. निघालेले सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाहीत, मधल्या श्रुतींवर पडतात. ऐकायला विचित्र आहे, पण निदान सूर तरी रेणूचे आहेत.

या सगळ्यांत मला आवडला तो सुसुमु ओहनो. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेतला बडा जनुकशास्त्रज्ञ. जनुकांच्या प्रती निघतात आणि त्यातली एक प्रत नवं काम शिकते, ही उत्क्रांतीची कल्पना त्याने १९७०च्या पुस्तकात मांडली. 'जंक डीएनए' हा शब्द रूढ झाला तोही त्याच्या १९७२च्या लेखामुळे. १९८६ साली त्याने पत्नी मिदोरी हिच्याबरोबर 'इम्युनोजेनेटिक्स'मध्ये एक निबंध छापला. म्हणणं असं, की जनुकं आणि संगीत दोन्हींची घडण एकाच तत्त्वावर होते : पुनरावृत्ती. छोटा तुकडा घ्या, परत म्हणा, थोडा बदलून म्हणा, परत म्हणा. बंदिशीचा मुखडा आठवा. त्याने प्रत्येक अक्षराला सप्तकातल्या दोन-दोन जागा दिल्या होत्या, कुठली घ्यायची ते माणसाने ठरवायचं. मग जनुकाचं संगीत केलं आणि उलटंही केलं : शोपँचं एक नॉक्टर्न घेऊन त्याची अक्षरं बनवली.

दोन जागांतून एक निवडायची मोकळीक म्हणजे गोडवा हाताने आत घालायची सोय, हे खरं. पण ओहनो सुरांच्या मागे नव्हता, रचनेच्या मागे होता. आणि पुनरावृत्ती ही गोष्ट कुठल्याही मॅपिंगमधून टिकून राहते. भूप घ्या, भैरवी घ्या, तबल्याचे बोल घ्या. एकच तुकडा परत आला तर कानाला कळतंच.

याचा पुरावा नंतर मिळाला. मधली मंडळी भराभर सांगतो. १९९६ साली रॉस किंग आणि कॉलिन अँगस यांनी 'प्रोटीन म्युझिक' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. यातला अँगस हा 'द शेमेन' या ब्रिटिश बँडचा. सेरोटोनिन पकडणाऱ्या प्रथिनावरून केलेलं एक गाणं त्यांच्या १९९५च्या अल्बमात आहे. किंगने पुढे स्वतः प्रयोग करणारा रोबो बनवला. १९९९ साली जॉन डन आणि मेरी ॲन क्लार्क यांनी प्रथिनांच्या घड्यांवरून संगीत केलं. फ्रान्समधल्या जोएल स्टर्नहाइमरने तर प्रथिनांची धून ऐकवून झाडांची वाढ कमी-जास्त करता येते असा दावा करून १९९२ साली पेटंटचा अर्ज भरला. ते शास्त्राने काही मान्य केलेलं नाही. असो.

२००७ साली लॉस अँजेलिसच्या रिए ताकाहाशी आणि जेफ्री मिलर यांनी 'जीनोम बायॉलॉजी'मध्ये आपली पद्धत मांडली. २० आम्लांना २० सूर दिले की उड्या फार मोठ्या होतात, म्हणून १३ मूळ सूर घेतले. सारख्या स्वभावाच्या आम्लांना एकाच कॉर्डची दोन रूपं दिली. सूर किती लांबवायचा ते त्या आम्लाचा कोड जनुकात किती वेळा वापरला जातो यावरून ठरवलं. मग त्यांनी हंटिंग्टिन हे प्रथिन लावलं. त्यात ग्लुटामिन हा एकच मणी ओळीने अनेकदा येतो. ही ओळ साधारण ४०च्या पुढे गेली, की हंटिंग्टनचा आजार होतो. तरुणपणी धडधाकट असलेला माणूस मध्यम वयात हातापायांचा आणि मग मनाचा ताबा गमावत जातो. संगीतात ती जागा ऐकू येते. सुरावट चाललेली असते आणि एकदम एकच कॉर्ड, परत, परत, परत, तबकडीवर सुई अडकल्यासारखी. त्यासाठी संगीताचा कानही लागत नाही. ओहनो इथे बरोबर ठरतो.

हे ऐकल्यावर मला माझा सहावा मणी आठवला. सिकल सेल हा आपल्याकडचा, लांबचा नाही. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आदिवासी भागात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली खास मोहीम काढली. म्हटलं, तो ऐकू येतो का बघू. दुसरी फाईल केली : सा ग सा रे ध सा प ग. आधीच्यात सहाव्या जागी प होता, इथे सा. बाकी १४५ सूर तेच. दोन्ही फाइली एकापाठोपाठ लावल्या. मला फरक कळला नाही. कुठे आहे हे माहीत असूनही! अर्ध्या सेकंदाचा एक सूर बदलला आणि त्यावर माणसाचं आयुष्य अवलंबून, आणि माझं हे गोड संगीत त्यावरून सुखेनैव पुढे निघून गेलं.

२०१९ साली एमआयटीच्या मार्कस ब्यूलरने प्रत्येक अमिनो आम्लाची कंपनं गणिताने काढून त्यांचे सूर केले, आणि २०२० साली करोनाच्या स्पाइक प्रथिनाची जवळजवळ एक तास पन्नास मिनिटांची रचना केली. ती लोकांनी खूप ऐकली. छान वाटते. विषाणूचं प्रथिन इतकं छान का वाटावं, याचं उत्तर मला आता माहीत होतं.

मग सापडला २०२४चा एक निबंध, आणि तोही त्याच गावातला. अर्बाना-शँपेन. इलिनॉय विद्यापीठाचा मार्टिन ग्रूबेले आणि कार्ला स्कालेटी ही संगीतकार. स्कालेटीने १९८६पासून कायमा ही ध्वनिरचनेची प्रोग्रामिंग भाषा घडवली आहे. या मंडळींनी प्रथिनाची घडी पडतानाच्या सिम्युलेशनमध्ये हायड्रोजन बंध कधी जुळतात, कधी तुटतात ते आवाजात बदललं. गोड करायचा प्रयत्नच नव्हता. ऐकताना त्यांच्या लक्षात आलं, की घडी पडायच्या निर्णायक क्षणापर्यंत पोचायच्या वाटा वेगवेगळ्या वाजतात; काही झटपट, काही रेंगाळत, काही भटकत. मग आकडेवारी काढून तपासलं, तर खरंच तसं होतं. म्हणजे आधी कानाला कळलं.

सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी भूप पुसून टाकला. पाणी टाळणाऱ्यांना सा ठेवला, पण ऋण भाराच्या आम्लांना कोमल रिषभ दिला. आणि दोन फाइली एकापाठोपाठ लावायच्या ऐवजी एकदम लावल्या : डाव्या कानात निरोगी साखळी, उजव्या कानात सिकल. (भूपात हे करूनही उपयोग झाला नव्हता. सा आणि प एकत्र वाजले तर तंबोरा लावल्यासारखं वाटतं, बिघाड कसला कळणार?)

आईला हेडफोन दिला. पहिल्या पाच सुरांना काही नाही, दोन्हीकडे एकच आवाज. सहाव्याला तिने कपाळाला आठी घातली.

"इथं काय चुकलंय?" ती म्हणाली. "परत लाव बघू."